बिघडले, पण हातातच होते
(शब्बाथशाळा शिक्षकांसाठी पाठ)

शास्त्रपाठ : यिर्मया 18:1-12, 19:1-11
जोडवाचन : उत्पत्ती 2:7, यिर्मया 32:6-15, यशया 64:8, 2 करिंथ 4:7
पाठांतरासाठी : यिर्मया 18:6 (आपापल्या पवित्र शास्त्रातून)



कुंभार आणि माती हा पाठ आम्ही आजवर सात-आठ वेळा तरी शिकवला असेल. फळ्यावर चाक काढावे, त्यावर मडके काढावे, देव कुंभार आहे, आपण माती आहोत, मातीने गप्प बसावे, एवढे सांगावे आणि घंटा वाजवावी. पाठ सोपा वाटे. दोन वर्षांपूर्वी तो आमच्यावरच उलटला. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचे विवेचन प्रामाणिक होणार नाही.

आमच्या शब्बाथशाळेत अर्पणाच्या थैलीतून 50 रुपये गेले. ते बारा वर्षांच्या एका मुलाच्या दप्तरात सापडले. यापूर्वीही त्याच्याविषयी तक्रारी होत्या. शिक्षकांच्या बैठकीत कोणी म्हणाले, "या मुलाला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." आम्हीही मान हलवली. पुढच्या रविवारी यिर्मयाचा एकोणिसावा अध्याय होता. आम्ही बाजारातून मडके आणले, वर्गासमोर फरशीवर फोडले आणि म्हणालो, देवाचे न ऐकणाऱ्याचे असे होते. नाव घेतले नाही. परंतु सगळा वर्ग एकाच बाकाकडे पाहू लागला. त्यानंतर तो मुलगा आला नाही.

1. आधी पाहावे, मग बोलावे

अठराव्या अध्यायाचा आरंभ ध्यान देऊन वाचावा. परमेश्वराला यिर्मयाला जे सांगायचे होते ते तो मंदिराच्या अंगणातही सांगू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने संदेष्ट्याला आधी कुंभाराच्या घरी उतरून जायला सांगितले. वचन तिथे मिळणार होते. यिर्मया गेला, उभा राहिला, काम पाहिले, आणि मगच वचन आले.

आम्ही इतकी वर्षे हा पाठ कुंभाराच्या घरी न जाताच शिकवत होतो. सबब गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुगडांची गडबड संपल्यावर, मोठ्या वर्गातील नऊ मुलांना घेऊन आम्ही खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठच्या एका गावी गेलो. बेळगाव जिल्ह्याचा हा भाग लाल मातीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मध्यवर्ती संस्थाही आहे. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते साठीचे गृहस्थ होते. मुले त्यांना मामा म्हणू लागली. त्यांच्या अंगणात जुने दांड्याने फिरवायचे चाक होते आणि पडवीत मुलाचे विजेवर चालणारे चाक होते. आयोगाने 2018 साली सुरू केलेल्या योजनेमुळे अशी विजेची चाके पुष्कळ कुंभारघरांत आली आहेत. आम्ही विनंती केल्यावरून मामांनी जुने चाक लावले.

2. माती चाकावर येण्यापूर्वी

मुलांना वाटत होते की काम चाकापासून सुरू होते. मामांनी त्यांना आधी खड्ड्याकडे नेले. शेतातून आणलेली माती वाळवून फोडतात, चाळतात, पाण्यात भिजत घालतात, पायांनी तुडवतात आणि हातांनी मळतात. तुडवताना पायाच्या तळव्याला खडा लागला की तो वेचून काढतात. मामांनी एक पांढरा खडा दाखवला, तांदळाच्या दाण्याएवढा. "हा चुनखडीचा. हा राहिला तर मडके भट्टीतूनही चांगले निघते. मग हवेतली ओल घेतो, फुगतो, आणि चार दिवसांनी मडक्याचा टवका उडवतो."

शिक्षकांनी हे मुलांना अवश्य सांगावे. लपवलेले पाप तापण्याच्या वेळी दिसेलच असे नाही. ते पुढे केव्हातरी, सगळे ठीक आहे असे वाटत असताना, बाहेर पडते. तुडवताना पायाला लागलेला खडा ही कृपा आहे. आमच्या त्या मुलाचे 50 रुपये दप्तरात सापडले ते वेळेवर सापडले, हे आम्हाला त्या खड्ड्याच्या काठावर समजले. आम्ही मात्र खडा सापडला म्हणून मातीच फेकून दिली होती.

3. चाक

आपल्याकडील जुने चाक एकच, मोठे आणि जड असते. ते जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या टोकावर तोललेले असते. कडेच्या खाचेत दांडा घालून ते जोरात फिरवतात. त्याच्या वजनामुळेच ते काही मिनिटे आपोआप फिरत राहते आणि तेवढ्यात कुंभार काम उरकतो. यिर्मयाने पाहिलेले चाक निराळे होते. यिर्मया 18:3 मध्ये चाकासाठी जो इब्री शब्द आहे, 'ओबनायिम', तो द्विवचनी असून 'दगड' या शब्दाशी त्याचा संबंध आहे. म्हणजे दोन दगडांचे चाक. गालीलाच्या उत्तरेस हासोर येथे 1955 ते 1958 या काळात उत्खनन झाले. तेथे कुंभाराच्या कामाच्या जागी असे दोन भागांचे चाक सापडले. ते बेसाल्टचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्याच जातीचे आहे. खालच्या दगडाच्या खळग्यात वरच्याचा उंचवटा बसतो आणि वरचा दगड फिरतो. हाच शब्द निर्गम 1:16 मध्ये बाळंतिणीच्या बैठकीसाठी आला आहे.

'कुंभार' या शब्दाकडेही पाहावे. इब्रीत कुंभाराला 'योत्सेर' म्हणतात, म्हणजे घडवणारा. उत्पत्ती 2:7 मध्ये देवाने मनुष्याला मातीपासून घडवले तेथे याच धातूचे क्रियापद आहे. म्हणून यिर्मया कुंभाराच्या दारात उभा राहिला तेव्हा त्या साध्या कारागिराच्या नावातच त्याला सृष्टीच्या आरंभीचा शब्द ऐकू आला असेल.

मामांनी गोळा चाकावर आपटला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून मध्यावर आणला. गोळा मध्यावर नसेल तर भिंत एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होते. मग अंगठे आत घातले, आणि आतला हात व बाहेरचा हात यांच्यामध्ये भिंत वर चढू लागली. मुले गप्प झाली होती. गळा झाला, काठ झाला, दोऱ्याने बुडाशी कापून मडके उतरवले. त्याचे बूड मात्र जाड होते. ते जरा सुकल्यावर आत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतात आणि बूड गोल व पातळ करतात. आत आधार नसताना ठोकले तर मडके फुटते. आम्ही ठोकले होते. आत हात नव्हता.

4. कुंभाराच्या हातात बिघडलेले

दुसरे मडके चढवत असताना त्याची भिंत एकाएकी वाकली आणि खाली बसली. मुले "अरेरे" म्हणाली. मामा हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी माती गोळा करून बाजूच्या फळीवर ठेवली आणि नवा गोळा घेतला.

एका मुलीने विचारले, "मामा, ती माती आता टाकून देणार?"

"टाकायची कशाला? मातीत खोट नाही, पाणी जास्त प्यालीय. जरा सुकू दे, परत मळतो, संध्याकाळी तिचीच कुंडी करतो."

आता यिर्मया 18:4 पुन्हा वाचावे. तेथे तीन गोष्टी आहेत. पहिली, भांडे बिघडले. का बिघडले ते सांगितलेले नाही. दुसरी, ते बिघडले तेव्हा कुंभाराच्या हातात होते. बिघडल्यावरही ते हाताबाहेर गेले नाही. तिसरी, कुंभाराने त्याच मातीचे, आपल्याला योग्य वाटले तसे, दुसरे भांडे केले. त्याने माती बदलली नाही. मामांच्या 'संध्याकाळी' या शब्दाकडेही शिक्षकांनी लक्ष द्यावे. बिघडलेली माती लगेच चाकावर चढत नाही. तिला सुकायला वेळ द्यावा लागतो, पुन्हा मळावे लागते. एका रविवारी रागावून दुसऱ्या रविवारी मुलगा सुधारला का, असे पाहणारे आम्ही कुंभाराहून घाईचे होतो.

5. मातीने दिलेले उत्तर

मातीने गप्प बसावे, असे आम्ही शिकवत आलो. हा अध्याय तसे म्हणत नाही. 7 ते 10 या वचनांत देव सांगतो की एखाद्या राष्ट्राविरुद्ध तो बोलला असला आणि ते राष्ट्र वाईटापासून फिरले, तर तोही योजलेले अरिष्ट मागे घेतो. आणि चांगले योजलेले असताना राष्ट्र बिघडले तर तेही मागे घेतो. म्हणजे या दृष्टांतातील मातीला फिरता येते. अकराव्या वचनात देव यहूदावर अरिष्ट योजीत आहे असे म्हणतो, तेथेही मुळात 'योत्सेर' हाच शब्द आहे. कुंभाराचा हात अजून चाकावर आहे, भांडे पक्के झालेले नाही, म्हणून फिरा, अशी ती विनवणी आहे.

आणि लोकांचे उत्तर काय? बाराव्या वचनात ते म्हणतात की आता काही उपयोग नाही, आम्ही आमच्याच विचारांनी चालणार. या 'उपयोग नाही' वर आम्ही पुष्कळ विचार केला. तो वरवर निराशेचा शब्द आहे, परंतु त्याच्या आत हट्ट आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांच्या मध्ये हेच वाक्य उभे आहे. ओल्या मातीचे कडक भांडे होते ते या वाक्याने. आणि आमच्या बैठकीत आम्ही नेमके हेच वाक्य बोललो होतो: उपयोग नाही. यहूदाचे लोक निदान स्वतःविषयी बोलत होते. आम्ही ते एका बारा वर्षांच्या लेकराविषयी बोललो.

6. वाळलेले आणि भाजलेले

एकोणिसाव्या अध्यायात यिर्मया घडलेले, भाजलेले भांडे विकत घेतो. त्याला इब्रीत 'बकबुक' म्हणतात. अरुंद गळ्यातून पाणी ओतताना जो आवाज होतो त्यावरून हे नाव पडले असे मानतात. आपल्याकडची सुरई डोळ्यांपुढे आणावी. तो वडीलजनांना व याजकांना हिन्नोमाच्या खोऱ्यात नेतो आणि ती त्यांच्यासमोर फोडतो. ते भांडे पुन्हा सांधता येत नाही. इ. स. पूर्व 586 च्या सुमारास यरुशलेम पडले तेव्हा या वचनाचा अर्थ सर्वांना कळला.

भाजण्याने मातीत काय होते हे शिक्षकांनी समजून घ्यावे. मडके आधी सावलीत, मग उन्हात वाळते. ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन ते फुटते. मामांच्या भट्टीत मडक्यांभोवती लाकडे, गोवऱ्या व भाताचे तूस रचून वरून राख-मातीचा थर देतात आणि आच हळूहळू वाढवतात. उष्णता सुमारे 600 अंश सेल्सियसच्या पुढे गेली की मातीच्या कणांच्या घडणीतच असलेले पाणी निघून गेलेले असते. त्यानंतर ते भांडे कितीही भिजवले तरी पुन्हा चिखल होत नाही. त्यापूर्वी मात्र, कितीही वाळलेले असो, ते पाण्यात विरघळून पुन्हा माती होते.

मामांनी तडा गेलेले, खडखडीत वाळलेले, न भाजलेले एक सुगड पाण्याच्या बादलीत टाकले. बुडबुडे आले, कडा सुटू लागल्या आणि पाहता पाहता त्याचा चिखल झाला. मग त्यांनी आदल्या दिवशीचे, अर्धवट सुकलेले एक सुगड टाकले. ते बराच वेळ तसेच राहिले. आम्हाला नवल वाटले. मामा म्हणाले, "गुरुजी, अर्धे ओले लवकर विरघळत नाही. त्याला नीट वाळू द्यायचे, मग पाणी द्यायचे. कोरडे झालेले पाणी ओढून घेते." प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील लावदिकीयाच्या मंडळीची आम्हाला आठवण झाली, जी थंड नव्हती आणि ऊनही नव्हती. कोरड्या पडलेल्या मनाला तहान तरी असते. 'आमचे ठीक आहे' म्हणणाऱ्या, अर्धवट ओल्या मनांना वेळ लागतो. आणि अशी मने शिक्षकांच्या बाकावरही असतात.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पारख केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले असे सांगतात. त्या गोष्टीत 'कच्चे' हा शब्द बोचतो. परंतु पुढे त्याच कच्च्याला गुरू मिळाला आणि तो घडला, हेही त्याच गोष्टीत आहे. यिर्मयाच्या बाजूने पाहिले तर कच्चे असणे ही आशेची गोष्ट आहे. कच्च्याला पुन्हा घडवता येते.

मग भाजलेल्याचे काय? तेथेही यिर्मया आपल्याला निराधार सोडत नाही. बत्तिसाव्या अध्यायात शहराला वेढा पडला असताना तो अनाथोथचे शेत विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल. ज्या संदेष्ट्याने एक भांडे फोडले त्यानेच दुसऱ्या भांड्यात परत येण्याचे वचन जपून ठेवले. 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना मातीच्या रांजणांत ग्रंथांच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्या पहिल्या गुंडाळ्यांत यशयाचा संपूर्ण ग्रंथ होता. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि देवाला कुंभार व आपल्याला माती म्हणणारा चौसष्टावा अध्यायही त्यात आहे. साधे मातीचे भांडे. पण आत ठेव मोठी. पौलाने 2 करिंथ 4:7 मध्ये हेच म्हटले आहे. आणि फुटलेले खापरही वाया जात नाही. ते कुटून, बारीक करून नव्या मातीत मिसळले तर नवे भांडे वाळताना कमी तडकते. हे आम्हाला मामांनी निघताना सांगितले.

7. परत

परतताना आम्ही मामांकडून न भाजलेल्या सुगडाचे काही तुकडे मागून घेतले. त्याच आठवड्यात आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. दार आईने उघडले. मुलगा आतल्या दाराआड उभा होता. त्या माउली म्हणाल्या, "गुरुजी, तो म्हणतो, मी फुटलेलं मडकं आहे, तिथं जाऊन काय करू?"

आम्ही म्हणालो, "ताई, चूक त्याची होती, पण त्याहून मोठी आमची झाली. आम्ही त्याला एकोणिसावा अध्याय वाचून दाखवला. त्याचा अठरावा होता." मग त्याला जवळ बोलावून तीच क्षमा त्याच्याकडे मागितली. एका पेल्यात पाणी मागितले आणि तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो पाण्यात टाकला आणि बराच वेळ पाहत बसला. काही बोलला नाही.

तो आता काही रविवारी येतो, काही रविवारी येत नाही. आला की मागच्या बाकावर बसतो. पाठ संपला असे आम्ही म्हणत नाही. माती फळीवर आहे आणि संध्याकाळ व्हायची आहे.

शिक्षकांसाठी सूचना

1. शक्य असल्यास मुलांना जवळच्या कुंभाराकडे न्यावे. आधी पाहू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत, मग वचन वाचावे.

2. ते शक्य नसल्यास तीन पेले पाणी घ्यावे. एकात चार दिवस वाळवलेला कच्च्या मातीचा तुकडा, दुसऱ्यात अर्धवट सुकलेला, तिसऱ्यात खापराचा तुकडा टाकावा. पाठाच्या आरंभी टाकावेत आणि शेवटी पाहावेत.

3. वर्गात मडके फोडू नये. फोडायचेच असेल तर त्यापूर्वी अठरावा अध्याय पूर्ण शिकवलेला असावा, आणि कोणत्याही मुलाची नजर खाली जाणार नाही याची खात्री असावी.

चर्चेसाठी प्रश्न

1. यिर्मया 18:4 मधील भांडे बिघडले तेव्हा ते कोठे होते? यावरून आपल्याला कोणता धीर मिळतो?

2. 18:12 मधील लोकांचे उत्तर निराशेचे आहे की हट्टाचे? आपण ते केव्हा बोलतो?

3. 19:1-11 मधील भांडे व 18:4 मधील भांडे यांत कोणता फरक आहे?

4. आपल्या मंडळीत कोणाविषयी आपण 'उपयोग नाही' असे म्हटले आहे? त्याच्या घरी कोण जाईल, आणि केव्हा?

प्रार्थना

हे आमच्या घडवणाऱ्या पित्या, आम्ही बिघडलो तेव्हाही तू आम्हाला हातातून टाकले नाहीस, म्हणून तुझे आभार मानतो. आमची मने कडक होण्यापूर्वी आम्हाला फिरव. ज्या लेकरांना आम्ही घाईने फुटलेले म्हटले त्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य आम्हाला दे, आणि तुझी वाट पाहण्याची रीत आम्हाला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.